नेनेकाकांचा मंगळवार

आमच्या शेजारचे नेनेकाका माझ्या लग्नाला आले ते आदल्या दिवशी.

मी कार्यालयात खुर्च्या उतरवून घेत होतो. स्वयंपाकघरात आचारी मटार सोलत बसला होता. अशा वेळी काका इस्त्रीच्या शर्टात आणि सुधाकाकू जरीच्या साडीत, दोघंही दारात हजर. मला वाटलं, तारीख चुकली. पण काकांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "उद्या तुला चारशे माणसं आशीर्वाद देणार. त्यातला कुणाचा कुठला, हे देवालाही कळायचं नाही. आमचा आजच घेऊन ठेव." मग आचाऱ्याकडून वाटीभर बासुंदी मागून घेतली, उभ्या उभ्या संपवली आणि दोघं रिक्षा करून घरी गेले.

गर्दी हा शब्द काकांसमोर उच्चारायची सोय नव्हती. "जिकडे चार माणसं, तिकडे पाचवे आपण कशाला?" हे त्यांचं ब्रीदवाक्य. सहकारनगरमधल्या आमच्या सोसायटीत ते सगळ्यांना पाठ होतं. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घरात भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर लाल पेन्सिलीने केलेल्या फुल्या. फुली म्हणजे त्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही. मे महिन्याच्या पानावर तर फुल्यांखाली तारखा दिसत नसत.

आंबा काका पाऊस सुरू झाल्यावर खात. "तेव्हा विकणाराही दमलेला असतो आणि आंबाही. दोघंही फार ताणत नाहीत." दिवाळीच्या साड्या पितृपंधरवड्यात घेत. लक्ष्मी रस्त्यावरच्या रिकाम्या दुकानात गादीवर ऐसपैस बसायचं, पंख्याखाली चहा प्यायचा आणि काकूंसमोर पन्नास साड्या उलगडून घ्यायच्या. एकदा दुकानदार चाचरत म्हणाला, "काका, पंधरवडा चाललाय..." काका म्हणाले, "आमच्या पितरांनाही गर्दी आवडत नव्हती."

गणपती बघायला जायचे ते प्रतिष्ठापनेच्या आदल्या दुपारी. मांडवात सुतार ठोकाठोक करतायत, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, आणि समोर हे दोघं हात जोडून उभे. "अहो काका, तोंड तरी दिसू द्यायचं," मी म्हणालो. "त्याला माझं ऐकू आलं ना? झालं तर. उद्यापासून त्याला श्वास घ्यायला तरी सवड मिळणार आहे का?"

या सगळ्यात सुधाकाकू काय करत? हसत. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. सोसायटीतल्या बायकांना त्यांची फार कीव यायची. "काय तरी मेला लष्करी खाक्या! त्या माणसापायी बाईने कधी दिवाळीतला लक्ष्मी रस्ता पाहिला नाही, की कधी मिरवणूक पाहिली नाही." माझी बायको विद्या तर काकांना तोंडावर म्हणे, "काका, तुमच्याशी लग्न करण्यापेक्षा काकूंनी हिमालयात जायला हवं होतं." काका शांतपणे म्हणत, "गेलो असतो. तिथेही हल्ली ट्रेकवाले असतात."

मीही हसायचो. खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा.

तर एका वर्षी एप्रिलमध्ये काकूंनी एक गोष्ट मागितली. कधी काही न मागणाऱ्या बाईने मागितली, म्हणून ती सोसायटीभर झाली. खडकवासल्याच्या पुढे एक मोठं मनोरंजन उद्यान नव्यानं झालं होतं. तिथला आकाशपाळणा म्हणे पार रस्त्यावरून दिसायचा. काकू म्हणाल्या, "मला एकदा त्या पाळण्यात बसायचंय."

"एप्रिलमध्ये?" काकांचा चेहरा पडला. "सुट्ट्या लागतील आता. थोडं थांबू. मी दिवस काढतो."

आणि त्यांनी खरोखरच दिवस काढला. दहा दिवस कॅलेंडर, शाळांची वेळापत्रकं, हवामानाचा अंदाज असं सगळं घेऊन बसले होते. शेवटी निघाला तो शाळा सुरू झाल्यानंतरचा दुसरा मंगळवार, दुपारी तीननंतर. पोरं शाळेत, मोठे ऑफिसात, वर पावसाची भुरभुर. काळं कुत्रंही फिरकणार नाही. आम्हा दोघांनाही त्यांनी बोलावलं, कारण गाडी माझ्याकडे होती.

इथवर सगळं ठीक होतं. पण काका पडले पुणेकर. एखादी गोष्ट आपल्यालाच कळली आहे आणि ती इतरांना सांगायची नाही, हा संयम पुणेकराच्या प्रकृतीला मानवत नाही. त्यांनी वर्तमानपत्रात वाचकांचा पत्रव्यवहार असतो तिथे पत्र धाडलं. विषय : गर्दी टाळण्याची शास्त्रीय पद्धत. एरवी त्यांची पत्रं छापून येत नसत. पादचाऱ्यांच्या हालांवर त्यांनी बारा पत्रं लिहिली होती, ती बाराही कुठे गेली देव जाणे. हे मात्र आदल्या शनिवारी आलं, चौकटीत. उदाहरणादाखल त्यात त्या उद्यानाचं नाव होतं, 'शाळा उघडल्यानंतरचा दुसरा मंगळवार, दुपारी तीननंतर' असा स्पष्ट उल्लेख होता, आणि 'तेथे संपूर्ण शुकशुकाट असतो' असं ठणकावून लिहिलं होतं. काकांनी त्याच्या झेरॉक्स काढून सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना वाटल्या.

मंगळवारी आम्ही पोचलो तर गाडी लावायला जागा नव्हती.

आत शिरायच्या दारापाशी निवृत्तांची नुसती जत्रा. पांढऱ्या मिशा, माकडटोप्या, थर्मास, घडीच्या छत्र्या. सगळे नवराबायको जोडीनं आलेले. आमच्या पुढच्या गृहस्थांनी तर पत्राचं कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं.

"शुकशुकाट असतो म्हणे," ते काकांकडे वळून म्हणाले. "बघा! पेपरात काय वाट्टेल ते छापतात."

"कुणी लिहिलंय?" काकांनी विचारलं.

"अ. ग. नेने, सहकारनगर. ओळखता?"

"नाही," काका म्हणाले. "पण मूर्ख दिसतोय."

"भेटला ना, तर विचारणार आहे मी."

"मलाही बोलवा."

काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसताना इतका वेळ त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

आत गेल्यावर मात्र हसू संपलं. पाऊस जोरात आला आणि मोकळ्यावरची सगळी माणसं एकदम छपराखालच्या वाटेत घुसली. आम्ही चौघं मध्ये सापडलो. पुढून रेटा, मागून रेटा, छत्र्यांचं पाणी मानेवर. आणि काका एकदम ओरडले.

"सरका! बाजूला व्हा! मला सोसत नाही ही गर्दी! जीव गुदमरतोय माझा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक वळून बघायला लागले. "घरी बसायचं मग," कुणीतरी म्हणालं. "म्हाताऱ्याला वेड लागलंय," दुसरं कुणी म्हणालं. काकांनी छत्री आडवी धरली आणि शिव्या खात, कोपरं मारत वाट काढली. विद्या माझ्या कानात पुटपुटली, "निदान आज तरी नको होतं काकांनी असं करायला."

तेव्हा माझं लक्ष काकूंकडे गेलं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, डोळे कुठेच बघत नव्हते. काकांचा डावा हात त्यांच्या दंडाला घट्ट धरून होता. तोंडाने ते लोकांवर खेकसत होते, आणि खेकसण्याच्या मधे मधे, अगदी हळू, काकूंच्या कानाशी म्हणत होते, "घे श्वास. सोड. घे. आलंच आता झाड. सोड."

एका झाडाखाली बाक मिळाला. काका पाणी आणायला गेले, विद्या त्यांच्याबरोबर गेली. काकूंच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला.

"अभय," त्या म्हणाल्या, "ह्यांना काही होत नाही रे गर्दीत. मला होतं."

मी बाकावर त्यांच्याकडे सरकून बसलो.

"लग्न झालं त्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक बघायला गेले होते. हे ताशा वाजवायचे तेव्हा. काय वाजवायचे! चौकात मी उभी होते, आणि अचानक श्वासच येईना. पडले मी तिथे. हे ताशा टाकून धावत आले. घरी आल्यावर सासूबाई चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या, सून नाजूक मिळाली म्हणायची की नाटकी? तर हे म्हणाले, तिला काही झालं नव्हतं. मलाच कंटाळा आला गर्दीचा, मीच तिला घरी घेऊन आलो. यापुढे मी जाणार नाही." काकूंनी पदराने मान पुसली. "मग तेच खरं करत बसले. आज अडतीस वर्षं झाली. लोक ह्यांना हसतात. मला कुणी काही म्हणत नाही."

मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी रंगवून सांगत आलो होतो, ऑफिसात सुद्धा.

"पण मग काकू, पाळण्याचं काय मनात आलं?"

"मला वरून बघायचं होतं. गर्दीत मला माणसं कधी दिसलीच नाहीत, नुसत्या पाठी दिसल्या. वरून भीती वाटायची नाही असं वाटलं." आणि मग हसून म्हणाल्या, "शुकशुकाटात वर जाऊन मी काय बघणार होते, सांग? पण ह्यांनी एवढा खपून दिवस काढला, म्हणून बोलले नाही."

काका पाणी घेऊन आले ते पडेल चेहऱ्याने. पाळण्याची रांग पार फाटकापर्यंत गेली होती. "जाऊ या घरी," ते म्हणाले. "चुकलंच माझं. मीच गाढव. पुढच्या वर्षी बघू."

"बसू थोडा वेळ," काकू म्हणाल्या. "मला आजच जायचंय वर."

काकूंचा असा आवाज काकांनीही ऐकला नसावा. ते निमूटपणे बाकावर बसले. आम्ही तिथेच डबा उघडला, थालीपीठं खाल्ली. पाऊस थांबला. सहा वाजायला आले तेव्हा कर्ण्यावरून कुणीतरी ओरडलं की तळ्याकाठी रंगीत कारंजी सुरू होणार आहेत. झालं! अख्खी रांग मोडून तळ्याकडे पळत सुटली, त्यात ते कात्रणवाले गृहस्थही. काका उठले. "चला. सगळे तिकडे, तेव्हा आपण इकडे."

एका पाळण्यात चौघं मावलो. पाळणा वर चढायला लागला तशा काकू पुढे वाकल्या. खाली तळ्याभोवती माणसांचं कडंच्या कडं होतं. लाल, निळ्या, काळ्या छत्र्या, ओल्या टोप्या, नातवंडांना खांद्यावर घेतलेले आजोबा, आणि मधे रंग बदलणारं पाणी.

"अहो, केवढी माणसं!" काकू म्हणाल्या. "त्या बाई बघा, नवऱ्याचं डोकं पुसतायत. आणि ते दोघं बघा, एकाच छत्रीत भांडतायत. अहो, बघा की!"

काका खाली बघत नव्हते. ते काकूंकडे बघत होते.

पाळणा अगदी वर जाऊन थांबला. काकू सरळ बसल्या. "यंदा तुम्ही मिरवणुकीला जा."

"कशाला? जिकडे चार माणसं..."

"अहो, पुरे. मी अभयला सगळं सांगितलंय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने कारंजी बघायला लागलो. विद्याला काही कळेना, पण ती शहाणी, तीही माझ्याबरोबर कारंज्यांकडे वळली. काका ओल्या छत्रीची उगाच घडी घालायला लागले.

"जा खरंच," काकू म्हणाल्या. "ऐकून या नुसतं. मी राहीन घरी."

"नको."

"मला वाईट नाही वाटायचं."

"मला वाटेल ना," काका म्हणाले. "तू पडलीस त्याच्या पुढच्या वर्षी मी गेलो होतो एकदा. तुला न सांगता. ऑफिसात काम आहे म्हणालो होतो. चौकात उभा राहिलो. ढोल काय, ताशे काय, हजारो माणसं. आणि मला कुणी ओळखीचं नसलेल्या गावात आल्यासारखं झालं गं. अर्ध्या तासात परत आलो. तू नसलीस तर मला गर्दीत करमत नाही."

काकूंनी काकांचा ओला हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पदराने कोरडा करत बसल्या. पाळणा हलला, हळूहळू खाली आला. खालच्या माणसाने कडी काढली. "उतरा."

मी उठलो, विद्या उठली. ते दोघं उठले नाहीत.

"आणखी एक फेरी मिळेल का हो?" काकूंनी विचारलं. "मागे कुणी खोळंबलं असेल तर राहू दे."

त्या माणसाने मागे वळून पाहिलं. रिकामी रांग, ओली फरशी.

"कुणी नाही, आजी," तो म्हणाला. "बसा निवांत."