सात एकांचा भागाकार

आमच्या दुबलगुंडीच्या सप्ताहात कीर्तनकाराच्या मागं पहिल्या टाळाचा मान माझा आहे. होता म्हणा! तो कसा गेला ते ऐका आणि तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक?

पहिल्या दिवशी हरिबा महाराजांनी काय गोड दृष्टांत दिला! देव म्हणजे मूळ संख्या. एकानं आणि स्वतःनंच भाग जातो, दुसऱ्या कुणाला दाद देत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथंच उठून जाहीर केलं, सप्ताहाचे सात दिवस म्हणून सात एक! गावानं अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा नामजप करायचा. ही संख्याही देवासारखीच, कुणानं भागणार नाही!

माझे साडू किशनराव मागून म्हणाले, "भागून बघितलाव का अण्णा? भाग गेला तर पहिला टाळ माझा."

"दिला!"

पुतणी मंजुश्री बसवकल्याणला कॉलेजात गणित शिकते. तिनं हजाराच्या जरा वरपर्यंतच्या मूळ संख्या काढून दिल्या. म्हणाली, एवढ्या पुरेत; यांतल्या एकीनंही भाग गेला नाही तर काका जिंकले. मोबाईलवर क्षणात बघते म्हणत होती, तसा मी उखडलो. यंत्रानं केलेला जप देवाला पोचतो का? मग भागाकार कसा पोचेल?

वीणेचा पहारा घरोघर वाटतात, तशा मी संख्या वाटल्या. देवळात बजावलं, हातानं भागा आणि जे उरेल ते मला येऊन सांगा. काय तो भाव! गिरणीत भागाकार, पारावर भागाकार! नरसिंग तर वैरण टाकायचं विसरला आणि म्हशीची लाथ खाऊन आला. तिनानं भागलं, एक उरला. सातानं एक, अकरानं एक, तेरानंही एकच! मला गहिवरून आलं. जो जो आला, त्याच्याकडं काही ना काही उरलेलं होतंच. मग काय, देवळाच्या कमानीवर संख्या रंगवून घेतली आणि खाली मोठ्या अक्षरांत 'अभंग'!

काल्याच्या कीर्तनात मंजुश्रीनं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. दोनशे एकोणचाळीसनं बरोबर भाग जात होता! किशनरावांनी माझा टाळ आहेराच्या टॉवेलासारखा काखेत मारला.

मी तापलो. दोनशे एकोणचाळीस कुणाच्या वाट्याला होती? कोण हा नामद्रोही? आठवून बघतो तर आमच्याच घरी. बायकोकडं, राजूबाईकडं!

संध्याकाळी तिच्यावर कडाडलो, "तू भागाकार केलीच न्हाईस व्हय?"

ती भाकरी थापत म्हणाली, "केले की. चार हजार सहाशे एकोणपन्नास आले."

"मग कामून सांगितली न्हाईस?"

"तुमीच म्हणलाव, जे उरंल ते येऊन सांगा. माझ्यापाशी कायबी उरलं न्हाई, काय सांगू?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "ह्या घरात माझ्यापाशी कधी काय उरलंय?"

मी पोटभर जेवलो. उठताना सहज भाकरीच्या टोपल्यात डोकावलो.

तिथंही शून्य!