आक्काबाईंची वळकटी

हिंदुरावांचे रावजी, रावजींचे अर्जुनराव आणि अर्जुनरावांचा ज्योतीराम, अशी निघोज्याच्या त्या घराण्याची ओळ. "आमच्या घरात लग्नाला वरीस व्हायच्या आत पाळणा हलतो!" हे वाक्य अर्जुनरावांच्या पत्नी आक्काबाई अशा थाटात उच्चारीत, की जणू ते ताम्रपटावर कोरून मिळाले आहे! अर्जुनराव वारले, ज्योतीराम पिंपरीच्या एका कारखान्यात लागला आणि मायलेक चिंचवडच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. भांडीकुंडी निम्मी गावी राहिली. वाक्य मात्र सगळे बरोबर आले.

छप्पन साली ज्योतीरामाचे लग्न झाले. सून अंबू दिघीची. वर्ष उलटले, वर दोन महिने गेले, पाळणा काही हलेना. आक्काबाईंनी जुन्या शिरस्त्याप्रमाणे आधी सुनेला धरले.

"अंगारे झाले, उपास झाले. तुझ्यातच खोट हाय!"

अंबू भाकरी थापता थापता शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, खोट निघायला आधी काही घडावं लागतं."

"म्हंजी?"

"म्हंजे त्यांना घाम फुटतो अन् ते भिंतीकडं तोंड करून निजतात. चौदा महिने झाले. पण त्यांना काही बोलू नका. आधीच वाळून निम्मे झालेत."

तव्यावरची भाकरी करपली. हिंदुरावांचा पणतू! असा! आक्काबाईंनी पदर खोचला. "पंधरा दिसांत ठीक करते. माझं नाव आक्का हाय!"

चाकणच्या बाजारातल्या वैदूने एक चूर्ण दिले. "चिमूटभर, फक्त चिमूटभर," असे त्याने तीनदा बजावले. परंतु चिमटीने काम करणे आक्काबाईंच्या स्वभावात नव्हते. त्यांनी मूठभर चूर्ण, डिंक, लसूण आणि अर्धा शेर तूप एकत्र करून लिंबाएवढे लाडू वळले, आणि लेकाने घरी खाण्याची टाळाटाळ केली म्हणून ते त्याच्या डब्यात घातले.

आता कारखान्यात एकट्याने डबा खाणे म्हणजे महापाप! लाडू कशाचे हे ज्योतीरामाने लाजेपोटी सांगितले नाही, आणि त्याच्या पाळीतल्या पाच जणांनी ते मटकावले. तासाभरात संडासासमोर अशी रांग लागली, की रॉकेलच्या दुकानापुढेही लागत नसेल! दोन यंत्रे बंद पडली. फोरमन लाल होऊन धावत आला.

"काय खाल्लंत रे?"

सोनबा नावाचा एक भाबडा गडी पोट धरून ओरडला, "ज्योतीरामच्या आईचे लाडू, साहेब! ताकदीचे! नवरेपणाच्या ताकदीचे!"

त्याला हे कसे कळले? आक्काबाईंनी लाडू वळताना शेजारणीला सांगितले होते. फक्त एकीला! आणि ती सोनबाची बायको होती.

दुसऱ्या दिवसापासून अवघी चाळ वैद्य झाली. कोणी सांगे पांढरा कांदा, कोणी उडदाची खीर. सायकलवाला लालमहंमद दुकानातून हाक मारून विचारी, "ज्योतीभाऊ, आता कसं आहे?" ज्योतीराम लांबच्या वाटेने कामावर जाऊ लागला. खाली मान, तोंडात तंबाखू, डोळ्यांखाली काजळी. त्यात दिघीहून सुनेच्या वडिलांचा, बबनरावांचा निरोप आला: गुरुवारी येतो, पोरीला घेऊन जातो. पुन्हा पाठवणार नाही.

अंबूने आपली ट्रंक पुसून ठेवली. ते आक्काबाईंनी पाहिले. बुधवारी सकाळी त्यांनी लेकाचे मनगट धरले आणि त्याला लष्करातून निवृत्त झालेल्या डॉक्टर निसळांच्या दवाखान्यात नेऊन बसवले.

डॉक्टरांनी तपासले, लघवीत साखर नाही हे पाहिले आणि विचारले, "झोप किती?"

"चार तास!" आक्काबाई म्हणाल्या.

"तंबाखू?"

"दिसाला दोन पुड्या!"

"बाई, पेशंट कोण आहे?"

"मी त्याची आई हाय!"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "हे बघ ज्योतीराम, तरुण वयात असं पुष्कळांना होतं. कुणाला साखरेचा आजार असतो, कुणाला रक्ताभिसरणाचा, कुणाला दारू-तंबाखू भोवते. कुणाला आठवड्याला पाळी बदलून झोप लागत नाही. आणि पुष्कळदा नुसती धास्ती! एकदा जमलं नाही की दुसऱ्यांदा माणूस परीक्षेलाच बसतो. खरं सांग, पहाटे जाग येते तेव्हा शरीर ठीक असतं ना?"

ज्योतीराम कानापर्यंत तांबडा झाला. मान हलली. हो.

"मग यंत्र शाबूत आहे. खोलीत कोण कोण निजतं?"

"मी असते की!" आक्काबाई अभिमानाने म्हणाल्या. "लुगड्याचा पडदा लावलाय मधे. मी जागीच असते. काळजीनं. अर्ध्या अर्ध्या तासानं खोकून इचारते, ज्योत्या, निजलास का रं?"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "तंबाखू बंद, लाडू बंद. आणि बाई, तुम्हीही बंद!"

आक्काबाई तणतणत घरी आल्या, तो दारात बिल्किसबी बसलेली. ही लालमहंमदची आई, निघोज्याची त्यांची जुनी शेजारीण. तिने आक्काबाईंकडे पाहिले आणि तीस वर्षांपूर्वीच्याच सुरात म्हणाली, "मला एकटीला भीती वाटती गं. सोबतीला निजायला ये."

आक्काबाई उंबऱ्यातच थबकल्या. हेच वाक्य! तेव्हा ते त्यांच्या सासूला म्हटले गेले होते. त्या सासूने दोन वर्षे नव्या जोडप्याच्या दाराशी अंथरूण टाकून खाकरत पहारा केला होता, आणि अर्जुनरावांनाही भिंतच प्रिय झाली होती! अखेर बिल्किसने भीतीचे सोंग घेतले. सासूबाई स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन चार महिने तिच्या ओसरीवर निजल्या, आणि लग्नाच्या चौथ्या वर्षी ज्योतीराम जन्मला. "तुझे उपकार कसे फेडू?" असे आक्काबाईंनी तेव्हा रडत विचारले होते. "मला नको. सून येईल, तिला फेड," असे उत्तर मिळाले होते.

आक्काबाईंनी वळकटी बांधली. तांब्याही घेतला, आणि त्या बिल्किसबीकडे निजायला गेल्या. गुरुवारी बबनराव आले, तेव्हा त्या पुढे झाल्या. "व्याही, खोट पोरीत न्हाई, पोरात न्हाई. माझ्या अंथरुणात हाय. चार महिने द्या." उभ्या आयुष्यात त्यांनी कोणापुढे एवढी मान झुकवली नव्हती! बबनराव गोंधळले, लेकीकडे पाहू लागले. अंबूने ट्रंक पुन्हा खाटेखाली सरकवली.

चार महिने पुरे झाले त्याच आठवड्यात फोडणीच्या वासाने अंबू मोरीकडे धावली. आक्काबाई छाती काढून नळावर गेल्या. बायकांची गर्दी होती. "सांगत न्हवते? आमच्या घरात लग्नाला वरीस व्हायच्या आत..."

मागून बिल्किसबी खोकली. अगदी सासूबाईंसारखी!

आक्काबाईंनी कळशी खाली ठेवली. इकडे पाहिले, तिकडे पाहिले.

"म्हंजी... आमच्या घरात सासूनं वळकटी उचलली की वरसाच्या आत पाळणा हलतो!"

"आता फिटलं," बिल्किसबी म्हणाली, आणि आपली घागर नळाखाली सरकवली.