बेटरावांची रंगीत तालीम

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात त्यांना बेटराव हे नाव पडलं ते एकाच ध्यासापायी. किनाऱ्यापासून जरा आत, समुद्रात एक वाळूचं बेट होतं. दुकान नाही, दिवा नाही. नुसती वाळू, चार झुडपं आणि पक्षी. तिथे तंबू ठोकून बायकोबरोबर दोन रात्री राहायचं, एवढंच त्यांचं मागणं. पण दरवर्षी काहीतरी आडवं यायचंच. कधी सासूबाईंचा गुडघा, कधी ऑडिट, कधी बायकोच्या शिलाई मशीनशेजारी साचलेला कपड्यांचा ढीग.

यंदा मात्र शुक्रवारची रजा मंजूर झाली, होडी ठरली, तंबूही आला. आणि बुधवारी सकाळी बेटरावांच्या मनात आलं, एकदा घरातच उभारून बघावा. (वाळूत फजिती नको. फजितीसाठी घर आहेच.) त्यांनी साहेबांना खोल आवाजात फोन करून ‘ताप आलाय’ म्हणून कळवलं.

तंबू पिशवीतून निघाला तो उडी मारूनच. बघता बघता त्यानं अख्खा हॉल गिळला. बेटराव रांगत आत शिरले, चेन ओढून घेतली आणि डोळे मिटून पडून राहिले. काय सुख!

“अहो, बाहेर या, चहा झालाय.”

“येतो की. चेन अडकलीय जरा.”

“जोर लावू नका हं.”

कट्‌कन आवाज झाला. चेनचा रनर बेटरावांच्या हातात आला.

“लावला,” ते म्हणाले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात साक्षात साहेब!

“इकडून चाललो होतो. म्हटलं, ताप कसा आहे बघावं. कुठे आहेत?”

बायकोला आयुष्यात खोटं बोलता आलं नव्हतं. “आत आहेत.”

“बेडरूममध्ये?”

“नाही. तंबूत.”

साहेबांनी तंबूभोवती एक फेरी मारली. “बेटराव, ताप?”

“उतरतोय, साहेब,” तंबू म्हणाला. “इथे हवा खेळती राहते.”

“छान. मग शुक्रवारची रजा आजच संपली असं समजा. शुक्रवारी वेळेवर या.” आणि बेटरावांसाठी केलेला चहा पिऊन साहेब निघून गेले.

बेटरावांनी आतून चेनशी बरीच झटापट केली. शेवटी बायकोनं कात्री आणून एका बाजूची शिवण उसवली, सुईदोरा घेऊन ती आत आली आणि मुकाट्यानं चेन दुरुस्त करू लागली. चेन झाली, शिवणही झाली. तरी ती उठेना.

“अहो, तिथे समोर भिंत नसेल ना?”

“कुठे?”

“बेटावर. माझं मशीन भिंतीकडे तोंड करून आहे. या घरात आल्यापासून ती एकच भिंत बघतेय मी. तुम्ही बेटाचं बोलायला लागलात की मी मशीन हळू चालवायचे. नीट ऐकू यावं म्हणून.”

बेटराव उठून बसले. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, ही ओढ आपल्या एकट्याची.

“तू जा,” ते म्हणाले. “ताईला घेऊन जा बरोबर.”

“तुमच्याशिवाय?”

“होडी ठरलीय. पक्षी काय माझ्यासाठी थांबलेत?” (बोलता बोलता त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. तंबूत हवा मुळीच खेळती नव्हती.)

शुक्रवारी सकाळी दोघी बहिणी तंबू घेऊन निघाल्या. संध्याकाळी बेटराव ऑफिसातून आले, स्वयंपाकघरात पाणी भरायला उभे राहिले, आणि फोन वाजला. बायकोचाच!

“थांब, काही बोलू नकोस,” ते घाईघाईनं म्हणाले. “मला फक्त समुद्र ऐकू दे.”

त्यांनी डोळे मिटले. अहाहा! पाणी नुसतं खळाळत होतं, अगदी कानाशी.

“अगं, काय आवाज येतोय! लाट पायाला लागल्यासारखी वाटतेय. गारसुद्धा लागतंय, खरंच!”



“अहो, आमची बस पंक्चर झालीय. आम्ही अजून घाटातच आहोत. तुम्ही कुठे उभे आहात?”

बेटरावांनी डोळे उघडले. बादली केव्हाच भरून वाहत होती, पाणी हॉल ओलांडून जिन्याकडे चाललं होतं. बेटराव घरीच राहिले होते, पण त्यांची एक स्लिपर मात्र समुद्राकडे निघाली होती.