फरशीवर दहा मिनिटं

चोपन्न वर्षांत मी दवाखान्याची पायरी चढलो ती फक्त दुसऱ्यांना घेऊन. हे मी ऑफिसात दिवसातून एकदा तरी सांगायचो. आमचं ऑफिस घोडबंदर रोडला. कंपनीचे ट्रक कुठे अडकलेत ते दिवसभर स्क्रीनवर बघायचं आणि ड्रायव्हरना फोन लावायचे, हे माझं काम. आजूबाजूला सगळी पंचविशीतली पोरं. कोणी मानेला मलम चोळतंय, कोणी कमरेमागे उशी लावतंय. मी म्हणायचो, "अरे, तुमच्या हाडांत दम नाही. मला बघा. नऊ तास एका जागी बसतो, मान इकडची तिकडे होत नाही."

त्या मंगळवारी ती खरंच झाली नाही.

सकाळी दात घासत होतो. बायकोने, वैशालीने, स्वयंपाकघरातून विचारलं, "डब्याला भेंडी चालेल ना?" मी डावीकडे वळून 'काय?' म्हणालो आणि मानेत वाळकी काटकी मोडल्यासारखं कट् झालं. मान डावीकडे गेली ती तिथेच राहिली.

"चालेल ना?"

"वैशाली, जरा इकडे ये."

"तिथूनच सांग."

"तिथूनच सांगतोय. मला दुसरीकडे तोंड करता येत नाहीये."

तिने मलम चोळलं, घरी राहा म्हणाली. पण इतकी वर्षं फुशारकी मारलेली, मानेसाठी सुट्टी कशी घेणार? मी गेलो. बसमध्ये माझ्या डाव्या हाताला एक बाई बसल्या होत्या. वर्तकनगरपासून कापूरबावडीपर्यंत मी त्यांच्याकडे टक लावून बघत होतो. माझा नाइलाज होता, पण ते त्यांना सांगायचं कसं? शेवटी त्या उठून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. जाताना जे बोलल्या ते बरोबरच होतं.

दुपारी मीटिंग. आमचा मॅनेजर सलिल, वय चौतीस, काहीतरी महत्त्वाचं सांगत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

"जगन सर, तुम्हाला पटत नाहीये का?"

"पटतंय ना."

"मग इकडे बघाल का प्लीज?"

त्याच्याकडे बघायचं तर मला खुर्ची उजवीकडे फिरवावी लागली. म्हणजे खांदा पुढे, हनुवटी खांद्यावर, नजर तिरकी. पूर्वी फोटो स्टुडिओत लग्नाच्या मुलींचे फोटो असे काढायचे. पोरं हसली. मीही हसणार होतो, पण तेवढ्यात डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. उठायला गेलो तर डोकं जड, समोरची भिंत हलली. सलिल बिचारा घाबरला. त्यानेच मला गाडीतून घरी सोडलं.

माझी मुलगी सान्वी कॉलेजातून आलेली. तिने मोबाइल उघडला. "बाबा, मुंग्या डाव्या हाताला की उजव्या?"

"डाव्या."

ती मनातल्या मनात वाचत राहिली. तिने मोठ्याने वाचलं असतं तर मी कमी घाबरलो असतो.

दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, बीपी बघितलं, मानेचा फोटो काढला. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टरांनी माझा खांदा दाबला आणि नर्सला म्हणाले, "हात लावून बघा. दगड आहे." मानेचे, खांद्याचे स्नायू आखडले होते. डोकं जड होतं त्याने आणि मुंग्याही त्यानेच. बाहेर पडताना मानेला पट्टा लावा, दोन दिवस घरी विश्रांती घ्या आणि फिजिओथेरपी चालू करा, असं त्यांनी सांगितलं.

फिजिओथेरपीच्या ऋजुता मॅडम माझ्या सान्वीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला आरशासमोर बसवलं. "काका, खांदे खाली सोडा."

"सोडलेत."

"हे सोडलेले? कानाला टेकलेत. कसलं टेन्शन आहे का?"

"छे. काही नाही," मी म्हणालो. आरशात बघितलं तर खांदे आणखी वर गेलेले.

त्यांनी साधे व्यायाम दिले. त्यातला एक असा: फरशीवर चादर टाकायची, मानेखाली टॉवेलची गुंडाळी, हात पसरायचे, डोळे मिटायचे, जबडा सैल सोडायचा. दहा मिनिटं काहीही हलवायचं नाही. सकाळ-संध्याकाळ.

त्या दहा मिनिटांचीच मला भीती वाटायची. काही न करता पडलं की मला हॉस्पिटलचा एक पॅसेज दिसायचा.

माझी मोठी बहीण शालन कल्याण पूर्वेला राहते. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती. आई शेवटची सहा वर्षं तिच्याकडेच होती. दोन वर्षांपूर्वी आईला न्यूमोनिया झाला आणि दीड दिवसात ती गेली. रात्री एका नातेवाइकाचा फोन आला म्हणून धावत गेलो, पण पोचलो तेव्हा सगळं संपलेलं. पॅसेजमध्ये सगळे नातेवाईक उभे होते आणि त्यांच्यासमोर मी ताईला म्हणालो, "तू आधी कळवलं असतंस तर आई वाचली असती." ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मोबाइल नीट बघितला. आदल्या दुपारचे ताईचे पाच फोन होते. तेव्हा ऑफिसात मीटिंग होती आणि मी फोन आवाज बंद करून खणात ठेवला होता. पाच फोन. मी ते यादीतून काढून टाकले. वैशालीलासुद्धा सांगितलं नाही. आईच्या जलदानविधीला ताई आणि मी शेजारी बसलो, पण बोललो नाही. मग सहा महिने झाले, मग वर्ष, मग दोन.

असो. पट्टा लावून मी जिना उतरत होतो तेव्हा खालच्या मजल्यावरचे गोविंदा साबळे भेटले.

"जय भीम जगनभाऊ. काय झालं हो?"

"मानेचं जरा."

"अॅक्सिडेंट?"

मला मान हलवता येईना म्हणून मी 'नाही' असा हात हलवला. साबळ्यांना वाटलं मला पुढे बोलता येत नाहीये. त्यांची मेहुणी कल्याणला ताईच्याच बिल्डिंगमध्ये राहते. साबळ्यांनी तिला सांगितलं की जगनच्या मानेला मार लागलाय, बोलायला त्रास होतोय. तिने शेजारणीला सांगितलं की मणका गेला. शेजारणीने ताईला सांगितलं की तुमचा भाऊ घरात पडून आहे, हलत नाही.

आता यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं.

गुरुवारी वैशाली कामाला गेलेली. सान्वी दार लोटून दूध आणायला खाली उतरली आणि मी व्यायामाला लागलो. पांढरी चादर, पांढरा बनियन, पांढरा लेंगा. डोळे मिटलेले, तोंड उघडं. दार वाजलं. मला वाटलं सान्वी आली.

"जगन?"

दोन वर्षांनी तो आवाज ऐकला. मी डोळे उघडायला हवे होते. पण खरं सांगतो, मला धीर झाला नाही. मी तसाच पडून राहिलो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मूर्खपणाची पाच सेकंदं.

"अरे देवा, जग्या," असं म्हणत ताई धावत आली. तिने पिशवी टाकली, माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि मला उचलायला गेली. तिचं वय एकसष्ट, माझं वजन ब्याऐंशी किलो.

"ताई, मी जिवंत आहे," मी डोळे उघडून म्हणालो.

त्याच क्षणी तिच्या कमरेत कट् झालं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. तिने मला सोडलं आणि "आई गं" करत हळूहळू माझ्या शेजारी बसली, मग आडवी झाली. उठता येईना.

"ताई, फार लागलं का?"

"तू मेला नाहीस?"

"नाही. व्यायाम करतोय."

"हा व्यायाम?"

"मानेचा आहे."

मी उठायला गेलो तर माझीही मान तिच्या ओढाताणीने पुन्हा धरलेली. म्हणजे आम्ही दोघं भावंडं हॉलच्या फरशीवर छताकडे बघत शेजारी शेजारी. वर पंखा फिरत होता. लहानपणी चाळीत आम्ही अशीच एका सतरंजीवर झोपायचो, आणि मधे आई.

मला तिचं तोंड दिसत नव्हतं. तिला माझं दिसत नव्हतं. बहुतेक त्यामुळेच जमलं.

"ताई," मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय. आईच्या वेळी तू कळवलं नाहीस असं मी बोललो ना. तू फोन केलेले. पाच. माझा मोबाइल खणात होता. मी ते दुसऱ्या दिवशी बघितले आणि कोणालाच सांगितलं नाही."

दोन वर्षं सांभाळलेलं गुपित बाहेर आलं होतं. मी वाट बघत राहिलो. आता ती रडेल, नाहीतर उठून जाईल. उठून जाणं तिला शक्य नव्हतं म्हणा.

"सात," ताई म्हणाली.

"काय?"

"पाच तुझ्या मोबाइलवर. दोन ऑफिसच्या नंबरवर. तिथे कोणी उचलला नाही. अरे जगन, फोन मीच लावलेले ना? मला माहीत नसणार?"

हे माझ्या डोक्यात दोन वर्षांत एकदाही आलं नव्हतं. ज्या एकुलत्या एका माणसाला सगळं माहीत होतं, त्याच्यापासूनच मी ते लपवत बसलेलो.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळे उभे होते. आई आत. त्यात तुला खोटं पाडू? मला वाटलं, चार दिवसांत येशील आणि सांगशील. मग वाटलं, महिन्यात येशील. राग त्याचा होता. बोललास त्याचा नाही, आला नाहीस त्याचा."

माझा हात पसरलेलाच होता. तो जरा सरकवला तर तिच्या हाताला लागला. तिने तो धरून ठेवला.

सान्वी दूध घेऊन आली. आम्हा दोघांकडे बघत दारातच उभी राहिली. "आत्या? तुम्हालापण ऋजुता मॅडमनी सांगितलं?"

तुम्हाला वाटेल, मन मोकळं झालं तशी मानही मोकळी झाली असेल. मलाही तशी आशा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मान आणखी आखडली होती. पुढे तीन आठवडे लागले, आणि ते श्रेय ऋजुता मॅडमच्या व्यायामाचं आणि ऑफिसात दर अर्ध्या तासाने उठण्याचं. आता पोरं मला आठवण करून देतात, "सर, उठा."

ताईला मात्र कमरेमुळे प्रवास जमेना. ती आमच्याकडे आठ दिवस राहिली. मी रोज सकाळ-संध्याकाळ तिला गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचो, कमरेला हळूच लावायचो. ती विव्हळायची. ती गेल्यावर वैशालीने सांगितलं की ताईंची कंबर दुसऱ्याच दिवशी सुटलेली, मी ऑफिसला गेलो की त्या बादली उचलून अख्ख्या घराची फरशी पुसायच्या.