अट क्रमांक अकरा

भारतरावांना तेल लावून झालं, उटणं चोळून झालं, पाटाभोवती रांगोळी काढून झाली, आणि मग शिवकन्याबाईंच्या लक्षात आलं की घरात पाणीच नाही.

म्हणजे काल संध्याकाळपर्यंत होतं. दुष्काळाचं वर्ष. टँकर चार दिवसांनी एकदा यायचा आणि घरटी चार घागरी देऊन जायचा. त्यातलं थेंब थेंब राखून शिवकन्याबाईंनी एक हंडा भरून ठेवला होता. लेकीची, सत्यभामाची, ही पहिली दिवाळी. जावई परळीहून येणार, नरकचतुर्दशीला पहाटे त्याला अंघोळ घालायची, तर निदान पाणी तरी हवं! हंड्यावर त्यांनी फडकं बांधलं होतं, फडक्यावर ताट आणि ताटावर वरवंटा ठेवला होता. आता ताट एकीकडं, वरवंटा दुसरीकडं आणि हंडा पालथा पडला होता.

"सत्ये, हंडा कुणी पालथा घातला गं?"

सत्यभामानं अंगणाकडं बोट केलं. अंगणात भारतरावांची मोटारसायकल उभी होती. काल धारूरच्या घाटातून येताना ती धुळीनं पांढरी झाली होती. आता आकाशकंदिलाच्या उजेडात ती नवऱ्या मुलासारखी चमकत होती.

भारतराव राहायला परळीच्या थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीत. तिथं तोटी फिरवली की पाणी येतं. दिसला हंडा, धुतली गाडी. त्यात त्यांचा दोष तो काय? आणि असला तरी सांगणार कोण? पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयाला चूक दाखवायची आपल्याकडं पद्धत नाही. तशी ती नंतरही नाही, पण पहिल्या दिवाळीला तर अजिबातच नाही.

"मामी, पाणी तापलं का? उटणं वाळायलंय," भारतराव पाटावरून ओरडले.

"झालंच बघा, जावईबापू!" असं म्हणून शिवकन्याबाई मागच्या दारानं निघाल्या त्या थेट चौकात, नवऱ्याकडं.

त्यांचा नवरा बद्रीनाथ हा गावच्या सोसायटीचा सचिव. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एक नियम मोडला नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी तो डाव्या बाजूनं चालायचा. सध्या त्याचा मुक्काम सोसायटीच्या फटाक्यांच्या दुकानात होता. यंदा गावानं फटाके विकत घ्यावेत असं काहीच घडलं नव्हतं, पण सोसायटीचे अध्यक्ष अर्जुनराव यांच्या मनात आलं की दुष्काळ असला तरी गावात दिवाळीचा आवाज झालाच पाहिजे. त्यांनी तालुक्याहून परवाना आणला. परवान्याबरोबर चौदा अटी आल्या. त्यातली तिसरी अट अशी की दुकानासमोर दोनशे लिटरची दोन बॅरलं पाण्यानं काठोकाठ भरलेली असावीत.

त्यामुळं टँकर आला की आधी बॅरलं भरायची, मग गाव. "मानसाला घागर आन् फटाक्याला ब्यारल," असं बायका बद्रीनाथला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायच्या. आठ दिवसांत दुकानातून फुलबाजीच्या दोन पेट्या आणि नागगोळ्यांची एक डबी खपली होती. बाकी येणारा प्रत्येक माणूस बॅरलं बघायला यायचा. सटवा धनगर तर काल शेळ्या घेऊनच आला होता.

"पाजीत न्हाई, सचिव. नुसतं दावतो त्यांना. लई दिस झाले, भरलेलं पानी बघितलं न्हाई त्यांनी."

बद्रीनाथनं तेव्हापासून बॅरलांच्या झाकणांना कुलपं घातली होती.

"दोन बादल्या द्या," शिवकन्याबाई आल्या आल्या म्हणाल्या.

"कावून?"

त्यांनी कावून ते सांगितलं. बद्रीनाथचं तोंड उतरलं, पण हात किल्लीकडं गेला नाही.

"आज तपासणी हाय, शिवकन्ये. तालुक्याचे मोहनराव साहेब येतेत. त्यांना सात गावं उरकून बीडला घरी जायचंय, म्हणून दिस उगवायच्या आत आपल्याकडं येतो म्हणून सांगावा धाडलाय. दोन बोटं पानी कमी दिसलं तर लायसन रद्द."

"आन् दिस उगवल्यावर जावयाला अंघोळ घालायची का? त्यांची आई परळीभर सांगत सुटंल, आमच्या लेकराला पह्यल्या दिवाळीला बिनअंघोळीचं धाडलं म्हनून. पोरीनं तिथं जनम काढायचाय!"

ते बद्रीनाथला कळत होतं. सत्यभामा ही त्याची एकुलती लेक. सासरी तिला कुणी खाली मान घालायला लावावी, हे त्याला नको होतं. पण समोर अट क्रमांक तीन होती.

"शेजारी माग की."

"सगळं गाव मागून झालं. वच्छलाबाईनं तांब्याभर दिलं. त्यात जावयाचे कानबी धुवून होयाचे न्हाईत. आना हिकडं ते कागद!"

शिवकन्याबाई सातवी पास होत्या. त्यांनी बॅटरीच्या उजेडात चौदाही अटी बोट फिरवत वाचल्या. अकराव्या अटीवर बोट थांबलं. परवानाधारकाने तपासणी अधिकाऱ्यासमोर, दुकानाच्या दर्शनी भागात, आग विझविण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यासाठी आवश्यक तेवढे पाणी वापरण्यास हरकत नाही.

"आवश्यक म्हंजी किती?" शिवकन्याबाईंनी विचारलं.

"लागंल तेवढं."

"जावयाला दोन बादल्या लागतील," असं म्हणून त्या घराकडं वळल्यासुद्धा.

दहा मिनिटांत भारतराव पाटासकट चौकात आले. अंगावर पंचा, सर्वांगाला पिवळं उटणं. आपल्याला इकडं का आणलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं रीतच हाय. पह्यल्या दिवाळीला जावयाची अंघोळ चौकात असती. सरकारी मानसाम्होरं."

"सरकारी माणसासमोर?" भारतराव पाटावर जरा ताठ बसले. परळीत त्यांच्या चार मित्रांची लग्नं झाली होती, पण असा मान कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं.

एवढ्यात जीप आली. मोहनराव उतरले. भुवयांपर्यंत धूळ बसलेली, हातात तक्ता. बघायला अर्धं गाव जमलं होतं, शेळ्यांसकट सटवाही. मोहनरावांनी बॅरलांत बोट बुडवून पाहिलं, वाळूच्या बादल्या मोजल्या आणि पाटावरच्या पिवळ्या माणसाशी येऊन थांबले.

"हे कोण?"

"प्रात्यक्षिक, साहेब," बद्रीनाथ म्हणाला. बावीस वर्षांत तो पहिल्यांदाच अधिकाऱ्याच्या नजरेला नजर देत नव्हता. "पेटलेला माणूस."

"इतर गावांत गोणपाट पेटवतात."

"गोनपाट काय, साहेब, बोलत न्हाई," शिवकन्याबाई मध्येच म्हणाल्या. "मानूस कसा, इझला का न्हाई ते सांगतो."

मोहनरावांना ते पटलेलं दिसलं. "अंगाला तेल का लावलंय?"

"पेटायला."

"बरं. करा सुरू."

बद्रीनाथनं बॅरलाचं कुलूप काढलं आणि पहिली बादली ओतली. आश्विनातली पहाट, रात्रभर उघड्यावर गारठलेलं पाणी, आणि भारतरावांना सवय ऊन पाण्याची. त्यांनी अशी काही आरोळी ठोकली की सटवाच्या शेळ्या दावं तोडून पळाल्या.

"वा!" मोहनराव म्हणाले आणि तक्त्यावर खूण केली. "अगदी खरं वाटतंय. आग विझली."

"कुठं इझली? पाठ अजून धुमसायली," शिवकन्याबाई जावयाची पाठ खसाखसा चोळत म्हणाल्या. "ओता, आवं, ओता!"

मोहनराव वाकून पाठ बघायला लागले, तेवढ्यात सत्यभामा ओवाळणीचं ताट घेऊन पुढं आली. ताटात हळदकुंकू, सुपारी आणि तुपात भिजवलेल्या वातीचं निरांजन.

"थांबा!" मोहनरावांचा आवाज एकदम बदलला. "हे काय?"

"अर्ध्या अंघोळीत ववाळत्यात, साहेब," गर्दीतून वच्छलाबाई म्हणाल्या. "साऱ्या जगाला ठावं हाय."

मोहनरावांनी पाटाकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं आणि मग बद्रीनाथकडं पाहिलं. काय चाललंय ते त्यांना आता कळलं होतं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "सचिव, अंघोळीचं मी काही विचारत नाही. पाणी ओतलं, प्रात्यक्षिक झालं. पण दुकानापासून पन्नास फुटांच्या आत उघडी ज्योत चालत नाही. दिवा लावलात तर मला लिहावंच लागेल. अर्धं गाव बघतंय."

"पन्नास फूट लांब नेऊन ववाळू का मग?" सत्यभामानं रडव्या आवाजात विचारलं.

"अर्ध्या अंघोळीतनं पाटावरून उठवत न्हाईत, बाई," शिवकन्याबाई म्हणाल्या. त्यांच्याही हाताशी आता कुठली अट उरली नव्हती.

तिकडं डोंगराची कड तांबूस व्हायला लागली होती. भारतराव पाटावर कुडकुडत बसले होते. "मामा, ओवाळायचं राहिलंय. आई पहिलं तेच विचारणार."

बद्रीनाथ मधोमध उभा होता. एका हाताला बावीस वर्षं आणि अर्जुनराव, दुसऱ्या हाताला ताट धरून उभी असलेली लेक. ताटातली सुपारी खुळखुळत होती. त्याला फार वाईट वाटलं. इतकं, की परवान्याचा कागद खिशात असूनही आठवेना. त्यानं दुकानातली काड्यापेटी उचलली, काडी ओढली आणि स्वतःच्या हातानं निरांजन लावलं.

"ववाळ, सत्ये. सावकाश ववाळ."

सत्यभामानं सावकाश ओवाळलं. तेवढा वेळ मोहनराव पाठ करून उभे राहिले. बद्रीनाथनं दुसरी बादली ओतून अंघोळ पुरी केली. मग वळून त्यांनी तक्ता पुढं घेतला. "परवाना रद्द. कारण, अट क्रमांक पाचचा भंग."

"सहा, साहेब," बद्रीनाथ म्हणाला. "पाच धूम्रपानाची हाय. उघड्या ज्योतीची सहा."

मोहनरावांनी पाच खोडून सहा केले.

इतक्यात अर्जुनराव धोतराचा सोगा सावरत धावत आले. "बद्रीनाथ, काय केलं बे हे? ऐन दिवाळीत लायसन घालवलं!"

"घालवलं, अध्यक्ष," बद्रीनाथ म्हणाला. आणि त्यानं काड्यापेटी शांतपणे त्यांच्या हातात ठेवली.

फटाक्यांच्या खोक्यांना दोरी बांधून मोहर लागली. भारतराव कोरडे होऊन, कपाळावर कुंकू मिरवत, बायकोबरोबर घरी फराळाला गेले. जाताना ते सत्यभामाला म्हणत होते की आईला हे सांगितलं तर खरं वाटायचं नाही. गर्दी मात्र हलली नाही. शेवटी सटवा पुढं आला.

"साहेब, एक इचारू का? दुकानच न्हाई ऱ्हायलं, तर ह्ये पानी आता कुनासाठी राखायचं?"

मोहनरावांनी परवान्याचा कागद पुढून वाचला, उलटून मागून वाचला. "पाण्याबद्दल पुढं काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

त्यांचं वाक्य संपायच्या आत घागरी आल्या, कळशा आल्या, सटवाच्या शेळ्या परत आल्या. बायकांनी बद्रीनाथला दिवाळीचा आशीर्वाद दिला, तोही या वेळी मोठ्यानं. पाव तासात एक बॅरल कोरडं झालं आणि दुसऱ्याच्या तळाशी चार बादल्या राहिल्या.

जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सहा गावं अजून बाकी होती. मोहनराव जीपपर्यंत गेले, दाराला हात लावला आणि परत आले. तक्ता त्यांनी बद्रीनाथच्या हातात दिला, मनगटावरचं घड्याळ काढून तक्त्यावर ठेवलं आणि सदऱ्याची गुंडी सोडत शिवकन्याबाईंना विचारलं, "बाई, उटणं उरलंय का हो थोडं?"

"साहेब, आता कसलं प्रात्यक्षिक?" बद्रीनाथनं गोंधळून विचारलं.

"कसलं नाही. बीडला आमच्या नळाला पाणी येऊन आज सतरावा दिवस आहे."

शिवकन्याबाईंनी पाट पुन्हा सरळ केला. "बसा, भाऊ," त्या म्हणाल्या. आणि पहिली बादली अंगावर पडली तेव्हा मोहनराव जावयापेक्षाही मोठ्यांदा ओरडले.