मिनाच्या पत्रिकेच्या शंभर टेस्ट

कुलदीप राठोडची नोकरी घरात कुणालाच समजावून सांगता येत नव्हती. पुण्याच्या एका कंपनीनं एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. एकाच मजकुरावर दहा जणांनी काम केलं, तर कुणी कुठला शब्द कधी बदलला याची ते नोंद ठेवायचं. दोघांनी एकच ओळ आपापल्या मनानं बदलली, तर 'इथे मतभेद आहे' असं सांगून थांबायचं. हे सगळं ते नीट करतंय की नाही, हे तपासणाऱ्या टेस्ट लिहायच्या आणि जुन्या टेस्ट सुधारायच्या, हे कुलदीपचं काम. एकदा लिहिलेली टेस्ट मग रोज आपोआप चालायची. अर्थात कळमनुरीत, कुलदीपच्या घरी, लाईट असेल त्या तासांत.

"म्हंजी तू करतूस काय?" त्याची याडी, म्हणजे आई, भिकाबाई विचारायची.

"मशीन काम बराबर करतंय का, ते मशीनच बघतं. ते बराबर बघतंय का, ते मी बघतो."

"आन् तुला कोन बघतं?"

"पुण्याच्या अंजली मॅडम."

एवढ्या उतरंडीच्या टोकाला एक बाई आहे, हे ऐकून भिकाबाईचं समाधान झालं.

मॅडमचं मात्र समाधान होत नव्हतं. २००६ चा मार्च लागला, आणि कुलदीपची सहा महिन्यांची उमेदवारी महिनाअखेर संपत होती. मॅडमनी फोन केला. "कुलदीप, तुझ्या टेस्ट फार गुळगुळीत आहेत. एकानं 'अबक' लिहिलं, दुसऱ्यानं 'कखग' लिहिलं. असं कोण भांडतं? खरी माणसं भांडतात तशा टेस्ट पाहिजेत. तीस तारखेपर्यंत शंभर. तरच तुला कायम करा म्हणून मी वर सांगू शकेन."

कुलदीपकडे बारा होत्या. नोकरी गेली तर काकाच्या खताच्या दुकानात बसायचं, हे काकानं परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

त्याच दिवसांत घरात मिनाचं, म्हणजे कुलदीपच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिकेचा मजकूर कुलदीपच्या कॉम्प्युटरवर होता. सकाळी भीमसिंगकाका आला. काका तांड्याचा नाईक, म्हणजे बंजारा वस्तीचा प्रमुख. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "निमंत्रकात हरिचंद जाधव वर काहून दिसून राहिला?"

"मामा हाय ना, काका."

"मामा लग्नापुरता असतो. नाईक बारा महिने असतो. वर घे मला."

संध्याकाळच्या बसनं हरिचंदमामा आला. त्यानं चष्मा लावून पडद्याला नाक टेकवलं. "नाईक तांड्याचा. पोरगी काय तांड्यानं जन्माला घातली? मामाबिगर लग्न लागतं का? बदल ते."

मिनाचा बाप किसनसिंग या वादात पहिल्याच दिवशी तटस्थ झाला आणि शेतावर राहायला गेला.

तिसऱ्या दिवशी कुलदीपच्या डोक्यात प्रकाश पडला. एकच ओळ, दोन माणसं, दोन मतं. अबक-कखग गेलं खड्ड्यात. त्यानं सॉफ्टवेअरमध्ये काकाच्या नावानं एक खातं उघडलं, मामाच्या नावानं दुसरं. काकानं सांगितलेला बदल काकाच्या खात्यातून, मामाचा मामाच्या. तेरावी टेस्ट झाली. रोज सकाळी मशीन आधी काका व्हायचं, मग मामा व्हायचं, मग मतभेद आहे म्हणून थांबायचं, आणि पडद्यावर हिरवी खूण यायची.

यापुढे कुलदीप दोघांनाही स्वतः बोलावू लागला. "काका, मामानं बघा काय करून ठेवलंय," एवढं म्हटलं की दोन टेस्ट मिळायच्या.

भांडण जसजसं पिकत गेलं, तसतसा टेस्टचा दर्जा सुधारत गेला. मामानं काकाचं नाव वरच राहू दिलं, फक्त त्याची अक्षरं मुंगीएवढी करायला लावली. काकानं मामाला निमंत्रकांतून उचलून थेट पत्त्यात नेऊन ठेवलं: 'लग्नस्थळ: हरिचंद जाधव यांच्या पाहण्यातील मैदान.' मामानं मग पत्रिकाच शेवटाकडून सुरू केली. आधी जेवणाची वेळ, मग स्वतःचं नाव, मग लग्न. मॅडमचा फोन आला, "कुलदीप, हे सुचतं कुठून? आमच्याकडे वीस इंजिनिअर आहेत, एकालाही एवढं वाकडं सुचत नाही."

एक्केचाळिसाव्या टेस्टला सॉफ्टवेअरच कोलमडलं. मतभेद आहे म्हणून थांबायच्या ऐवजी त्यानं तडजोड केली, आणि दोन्ही नावं कालवून एकच नाव छापलं: 'निमंत्रक: भीमचंद.'

काकानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. "हा भीमचंद कोन?"

"कोनी न्हाई, काका. मशीनची चूक हाय."

"मशीनला नाव कसं म्हाईत? हरिचंदाकडचा असल. एकट्याला झेपंना म्हनून भाऊबंद घुसवून राहिला."

मामालाही भीमचंद आवडला नाही. तो नाईकाच्या भावकीतला आहे याबद्दल मामाला शंकाच नव्हती. पुण्यात मात्र आनंदीआनंद झाला. एवढी मोठी चूक सापडली म्हणून चार जणांनी चार दिवस बसून ती दुरुस्त केली. कळमनुरीत भीमचंदच्या विरोधात दोन्ही बाजूंनी मिळून आणखी अठरा टेस्ट झाल्या.

सव्वीस तारखेला सत्त्याऐंशी भरल्या. त्या दुपारी भिकाबाई मजकुराचा कागद घेऊन छापखान्यात गेली आणि पत्रिका छापूनच आली. पत्रिकेवर नवरा, नवरी, तारीख आणि वेळ होती. निमंत्रक ही ओळच नव्हती.

"इचारलं कोनी तर सांगा, समद्यांनीच बलिवलं," ती म्हणाली.

काका आणि मामा एकमेकांकडे बघून हसले. इतक्या दिवसांत त्यांना भांडणाचाच थकवा आला होता. दोघं एका ताटात चिवडा खायला बसले. कुलदीप आईकडे वळला.

"याडी, तू हे काय केलं?"

"भांडन मिटवलं."

"ते मला लागत होतं."

अजून तेरा टेस्ट हव्या होत्या. दोन दिवस गेले, तीन गेले. एकोणतीस तारखेला कुलदीपनं दोघांना चहाला बसवलं आणि अगदी सहज विचारलं, "लग्नात सत्कार कराचे हायत. यादी कराय लागलो. पहिली शाल कोनाला?"

"मामाला," काका लगेच म्हणाला. "पावना मानूस हाय."

कुलदीपचा चेहरा पडला. पण मामानं कप खाली ठेवला. "न्हाई न्हाई. नाईक समोर असताना म्या शाल घेऊ? आधी नाईक."

"मी म्हनतो ना, तुमी."

"तुमी म्हनता म्हनून का? आधी तुमीच."

"म्हंजी माझ्या शब्दाला मान न्हाई?"

"मान देऊन राहिलो म्हनूनच तर तुमाला वर टाकून राहिलो."

कुलदीपची बोटं चालू झाली. काकानं स्वतःचं नाव खोडायला लावलं, मामानं ते परत घालून आपलं खोडायला लावलं. काकानं मामाला दोन शाली दिल्या. मामानं काकाला फेटाही बांधला. अर्ध्या तासात दोघं दोन कोपऱ्यांत तोंडं फिरवून बसले होते आणि तेरा टेस्ट झाल्या होत्या. तीस तारखेला सगळ्या शंभर टेस्ट हिरव्या झाल्या. मॅडमचं 'शाबास' आलं.

आठ दिवसांनी पुण्याहून तीन पाकिटं आली. दोन जाड होती. भीमसिंग राठोड आणि हरिचंद जाधव यांना कंपनीनं कायम केलं होतं. तिसरं पातळ, कुलदीपचं: 'सॉफ्टवेअरच्या नोंदीनुसार मार्च महिन्यात आपल्या नावावर एकही बदल नाही. सबब, उमेदवारी समाप्त.'

त्यानं घाईघाईनं फोन लावला. "मॅडम, त्या सगळ्या टेस्ट मी लिहिल्यात. सारखं खातं कशाला बदलायचं म्हणून टेस्टसुद्धा मी त्यांच्याच नावानं आत जाऊन लिहीत बसलो. ते माझे काका आणि मामा आहेत. त्यांना माऊससुद्धा धरता येत नाही."

"म्हणजे काम एकाचं आणि आपलं सॉफ्टवेअर नाव दाखवतं दुसऱ्याचं?"

मॅडम उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

"असं होऊच शकत नाही, हे याच शंभर टेस्ट सांगतात. गिऱ्हाईकाला मी त्याच दाखवल्यात. त्या खोट्या आहेत का?"

कुलदीपनं पडद्याकडे पाहिलं. शंभरच्या शंभर खुणा हिरव्यागार होत्या. एवढं बिनचूक काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "बराबर हायत."

त्यानं फोन ठेवला. काका आणि मामा आपापलं पाकीट मांडीवर घेऊन समोर बसले होते.

"काय म्हनल्या बाई?" काकानं विचारलं.

"टेस्ट बराबर हायत म्हनल्या. आन् नोंदीत नाव तुमचं हाय."

"मंग केल्या असतील आमी," काका म्हणाला.

मामानं चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरच्या मागं वाकून पाहिलं. "कुलदीप, हे चालू कुठून करतेत, तेवढं दाखव. आन् जाऊ नको कुठं, बसत जा आमच्यापाशी. हळूहळू येईल तुलाबी."