दाजींचा फ्लेक्स

साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त होऊन हिंदुराव श्रीपूरहून सोलापुरात राहायला आले, तेव्हापासून त्यांना कुणी फारसं विचारत नव्हतं. त्यामुळे जो कुणी ई-मेल धाडील त्याचा मेल ते सकाळच्या चहाबरोबर मन लावून वाचत. त्या दिवशी परदेशातल्या एका तेल कंपनीने कळवलं होतं, की जगभरातल्या ई-मेल पत्त्यांची सोडत काढली आणि पहिलं बक्षीस त्यांनाच लागलं.

दुसरा कुणी असता तर हुरळून गेला असता, नाहीतर मेल पुसून मोकळा झाला असता. हिंदुरावांना मात्र चौकशीचा नाद होता. आपण तिकीट काढलंच नाही, तर बक्षीस लागलं कशाला? कंपनी एवढी मोठी, मग तिचा मेलचा पत्ता आपल्यासारखाच फुकटातला कसा? आणि ‘प्रिय विजेते’ म्हणजे कोण? ज्याला घबाड द्यायचं त्याचं नावही ह्यांना ठाऊक नाही? सोडत कुठे आणि कुणासमोर काढली, असं त्यांनी उलट विचारलं. उत्तर लगेच आलं. पहिल्या मेलमधलंच पुन्हा लिहिलं होतं, की बक्षीस सोडवण्याची फी दोन दिवसांत भरा आणि ही गोष्ट कुणालाही सांगू नका. विचारलेल्याचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं.

‘‘देणाऱ्याला एवढी घाई कशाला असंल?’’ ते बायकोला म्हणाले आणि समाधानाने चहा प्याले. मेल खोटा आहे हे त्यांना कळलं होतं, आणि आपल्याला कळलं याचा त्यांना आनंद झाला होता.

आनंद तिथेच थांबला असता. पण रंभाबाईंना भावाचा फोन आला, आणि ‘तुझ्या दाजींना परदेशातली लॉटरी लागलीय’ असं त्या चेष्टेत बोलून गेल्या. तेवढ्यात दूध उतू गेलं. ती खोटी आहे, हे सांगायचं राहून गेलं.

रंभाबाईंचा भाऊ अभिमन्यू याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. आपल्याकडे वाढदिवस असो, निवड असो की नव्या जीपची खरेदी, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कुणी धरत नाही. मागे सख्ख्या भाच्याच्या निवडीचा फ्लेक्स समोरच्या दुकानदाराने आधी लावला होता, आणि ते अभिमन्यूच्या जिव्हारी लागलं होतं. या वेळी त्याने चौकशीत वेळ घालवला नाही.

सकाळी हिंदुराव भाजी आणायला चौकात गेले, तर वर तेच हात जोडून उभे होते. ‘आंतरराष्ट्रीय लॉटरी विजेते, मा. हिंदुरावदाजी यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांची रांग होती. त्यातल्या निम्म्यांना ते ओळखत नव्हते.

दुपारपर्यंत घरात सत्काराच्या टॉवेलांचा आणि नारळांचा ढीग पडला. हिंदुराव प्रत्येकाला बसवून घेत होते आणि लॉटरीतली खोट समजावत होते. लोक ऐकून घेत, मान डोलावत आणि नारळ ठेवून जात. शेवटी कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष गुरुलिंग कानाशी आले.

‘‘बरोबर करताय दाजी. कुणाला सांगायचं न्हाय, असं मेलमदीच लिवलंय की.’’

‘‘तुमाला कसं ठाऊक?’’

‘‘मलाबी आलाय न्हवं. मी खोटाच समजत हुतो. आता फ्लेक्स बगितला, मग खात्री पटली. तेवढी फी कुटं भरली सांगा.’’

विचारल्यावर कळलं, की तो मेल निम्म्या कॉलनीला आला होता. इतके दिवस सगळे शहाण्यासारखे गप्प होते. आता एकाला लागली म्हटल्यावर सगळ्यांना लागणार होती. त्यांनी अभिमन्यूला झापून फ्लेक्स उतरवायला लावला. तो उतरला तशी बातमी पसरली, की दाजींचा पैसा आला आणि आता ते इन्कम टॅक्सला भिऊन लपवायला लागले.

संध्याकाळी गोजाबाई आली. कॉलनीपलीकडच्या माळावर तिची शेरडं असत आणि रंभाबाई तिच्याकडूनच दूध घेत. ती उंबऱ्यातच खाली बसली.

‘‘आण्णा, माजी शेरडं वाचवा. माजा ल्योक अजिनाथ उद्या बाजारात इकायला निगालाय. फी भरायची म्हनतो. म्या म्हनलं, आदी आण्णांना इचार. तर म्हनतो, फ्लेक्सवर आलंय, आता काय इचारायचं?’’

हिंदुराव चपला घालून तसेच माळावर गेले. अजिनाथने त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘आण्णा, तुमचं चांगलं झालं, आमाला आनंद हाय. पर आमचं व्हायला लागलं तर आडवं का येताय?’’

हिंदुरावांना फार वाईट वाटलं. पलीकडे शेरडं निवांत रवंथ करत होती. गोजाबाईचं घर त्यांच्यावर चालत होतं आणि तीच शेरडं उद्या आपल्या नावावर विकली जाणार होती. तिथून ते थेट अभिमन्यूच्या दुकानात गेले आणि दुसरा फ्लेक्स छाप म्हणाले. मला लॉटरी लागलेली नाही, मेल खोटा आहे, एवढंच त्यावर हवं होतं.

‘‘अभिनंदनाबिगर फ्लेक्स कुणी वाचत न्हाय, दाजी,’’ अभिमन्यूने धंद्यातलं सांगितलं. बराच वाद झाला. शेवटी फ्लेक्स पहिल्यापेक्षा मोठा झाला आणि दिवस उजाडायच्या आत चौकात लागला. ‘मा. हिंदुरावदाजी यांना लॉटरी न लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! तिकीट काढले नाही, फी भरली नाही, फसले नाहीत!’ खाली मेलमधल्या सगळ्या खुणा ठळक अक्षरांत होत्या आणि त्याखाली शुभेच्छुक होतेच.

चौकात ही गर्दी झाली. बाजाराला निघालेला शेरडांचा टेम्पो त्या गर्दीत अडकला. अजिनाथ खाली उतरला, फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला आणि कडेला उभ्या हिंदुरावांकडे आला.

‘‘खरंच लागली न्हाय व्हय आण्णा?’’

‘‘न्हाय.’’

‘‘मग काल सरळ सांगायचं की.’’

हिंदुराव गर्दीला बाजूला सारायला लागले. टेम्पो माघारी वळत होता, त्याला वाट द्यायला हवी होती.

दुपारी ते अभिमन्यूच्या दुकानात गेले, तर तिथे रांग लागली होती. गुरुलिंग सगळ्यांत पुढे होते. ‘‘आमालाबी लागली न्हाय,’’ ते तावातावाने सांगत होते. ‘‘मग दाजींचाच फोटो का?’’ मागचे सगळेच न लागलेले होते, आणि प्रत्येकाला फ्लेक्स दाजींच्या शेजारी हवा होता.

रांग मोडून गोजाबाई आत आली. तिने नातीचा मोबाइल अभिमन्यूसमोर धरला. त्यात तिच्या कळपातली सगळ्यांत म्हातारी शेळी होती.

‘‘ही इकली गेली न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘हिचंबी अभिनंदन छापा.’’

अभिमन्यूने फोटो न्याहाळला, कॉम्प्युटरकडे वळला आणि नावाआधी ‘मा.’ लावायचं की ‘सौ.’, एवढंच विचारलं.